पाव सूत

नानांच्या पेटीत पाने आहेत बावीस,
सगळे इंचातले.
भुसावळच्या लोको शेडमधे पस्तीस वर्षं काढली त्यांनी,
पण पाने स्वतःच्या पगारातून घेतलेले,
हे ते अजून आल्यागेल्याला ऐकवतात.

माझ्या गाडीचं बूच मागतं सतरा मिलिमीटर.
अकरा सोळांशाचा पाना त्यावर बसतो,
बसल्यासारखा बसतो.
हलवला की कळतं, मधे पोकळी आहे,
पाव सुताहूनही कमी.
तेवढ्यात बुचाचे सहाही कोपरे गोल होतात
आणि मग ते कुणाचंच ऐकत नाही.
नानांना हे माझ्याआधीपासून ठाऊक.
तरी दोनदा तोच पाना त्यांनी माझ्या हातात दिला.

जामनेर रोडवर लिलारामच्या दुकानात
काउंटरवर सतरा नंबरचा रिंग पाना ठेवला, चकाचक,
आणि मी म्हटलं, आता फिल्टर खोलायला द्या काहीतरी.
त्यानं साखळीचा काढला:
हा चावतो, पत्रा चेपतो,
पण जुना फिल्टर तुम्ही काय देव्हाऱ्यात ठेवणार आहात?
पट्ट्याचा काढला आणि स्वतःच परत ठेवला,
तेलकट पत्र्यावरून घसरतो म्हणाला.
तीन नख्यांचा मला आवडला, घारीच्या पंजासारखा,
पण माझ्या इंजिनाखाली
पंजा उघडायलाही जागा नाही.
मग टोपी. फिल्टरच्या बुडावर घालायची, वाटीसारखी.
खाचा किती तुमच्या फिल्टरला?
मोजून आलात का, ताई?

नव्हते मोजून आले.

दुपारी अडीचचं ऊन, वैशाखातलं,
अंगणातली फरशी पाठीला पोळत होती पोत्यातून.
गाडीखाली दिसत काहीच नव्हतं,
बोटानं चाचपत मोजल्या: चौदा.
पुन्हा मोजल्या: पंधरा.
शेजारचे नेहेते वाकून म्हणाले,
पेचकस ठोका आरपार अन् फिरवा, कशाला टोपीबिपी!
त्यांच्या गाडीखाली मागच्या दिवाळीत
फिल्टर अर्धा फाटून लोंबत होता,
तेल थेट गटारीपर्यंत गेलं होतं.
मी काही बोलले नाही.
नानांनी ओट्यावरूनच खडू फेकला.
पहिल्या खाचेवर खूण कर, म्हणाले,
गोलाला सुरुवात नसते, ती आपण द्यायची.
चौदा.

लिलारामनं चौदा खाचांची टोपी दिली
आणि न मागता तांब्याची एक चकती.
बुचाखालची. ही सगळेच विसरतात, म्हणाला,
आणि मग माझ्याच पान्याला शिव्या घालतात.

संध्याकाळी इंजिन कोमट झाल्यावर
सतरानं बूच सुटलं, साध्या एका हिसक्यात.
काळं तेल कापलेल्या डब्यात पडत राहिलं,
आधी दोर, मग धागा, मग थेंब.
टोपी बसली. फिल्टर कुरकुरला.
मागच्या वेळी कुणीतरी
मर्दुमकी दाखवायला आवळला होता.
निघाला, पण रबराची कडी वरच चिकटून राहिली.
तिच्यावर नवी चढवली असती तर
पहिल्याच चढावर सगळं तेल रस्त्यावर.
नखानं सोलून काढली.
नव्या कडीला तेलाचं बोट लावलं.

नाना तोवर स्टूल घेऊन जवळ आलेले.
आयुष्यभर हातभर दांड्याचे पाने,
दोघा दोघांनी लोंबकळून आवळलेले नट,
आणि आता म्हणतात,
हातानं लावजो. हातानं लावलं त हातानं निघीन.
रबर टेकलं की वर पाऊण फेरा. बस.

पाऊण फेऱ्यावर थांबणं अवघड असतं.
मनगट म्हणतं, अजून थोडं.
मी हात मागे घेतला, आणि फिल्टरवर
खडूनं तारीख लिहिली, पुढे किलोमीटर.

रात्री नानांनी पेटी उघडली.
अकरा सोळांशाचा पाना पुसला,
त्याच्या खोबणीत ठेवला.
सतराला जागा केली, बाजूला टोपी.
झाकण लागेना. दोन बोटं उघडं राहिलं.
त्यांनी ते दाबलं नाही.